बँड घेऊन सिनेमा काढताय? बीटल्सच्या सेटवरच्या या चुका टाळा

गाणी गाजलीत, पोरं कॅमेऱ्यात छान दिसतात, मग सिनेमा काय, हां हां म्हणता होईल! बँडच्या सिनेमाची निम्मी दुखणी या समजातून सुरू होतात. बीटल्स या चौघांच्या इंग्लिश बँडच्या चार चित्रीकरणांत ती जवळजवळ सगळी सापडतात, आणि त्यांतली बरीचशी लंडनच्या ट्विकनहॅम स्टुडिओतच.

“संवाद पाठ होत नाहीत”

पोरांना रागावण्याआधी कागद बघा. 1964 च्या ‘अ हार्ड डेज नाइट’साठी लेखक अ‍ॅलन ओवेन आधी काही दिवस बँडबरोबर राहिला, त्यांचं बोलणं कानात साठवलं आणि मग लिहायला बसला. वाक्यं तोकडी, एका वेळी एकाला एखाद-दुसरंच. गोष्टही काय, तर गाडीतून जाणारी, चाहत्यांपासून पळणारी, कार्यक्रमाला वेळेवर पोचण्याची धडपड करणारी चार मुलं. म्हणजे त्यांचा रोजचा दिवस! ड्रमर रिंगो एकदा रात्रभर जागून सेटवर आला, तोंडातून वाक्य फुटेना. दिग्दर्शक रिचर्ड लेस्टरनी त्याला नदीकाठी नुसतं भटकायला लावलं. सिनेमातला सगळ्यात वाखाणला गेलेला प्रसंग तोच. पैसे घालणाऱ्या युनायटेड आर्टिस्ट्स कंपनीला खरा रस होता गाण्यांच्या रेकॉर्डमध्ये. पैसा बेताचा म्हणून चित्रण कृष्णधवल. तरी पटकथेला आणि संगीताला ऑस्करची नामांकनं मिळाली.

“बजेट वाढलं, पण मजा गेली”

पुढच्याच वर्षी ‘हेल्प!’. रंगीत चित्रण, बहामा बेटं, ऑस्ट्रियातला बर्फ. गांजा ओढून हसत सुटलेले नायक, वाया जाणारे टेक. दोष सहसा गांजाला दिला जातो; मला तो पटकथेचा वाटतो. आपल्याच सिनेमात आपण एक्स्ट्रा होतो, असं चौघांतला जॉन लेननच पुढे म्हणाला. साधी चाचणी करा: पटकथेतून तुमचा बँड काढून दुसरे चार नट घातले, तरी गोष्ट तशीच चालते का? चालत असेल तर ती फाडून टाका.

(त्यातला कालीसारख्या देवीचा नरबळी मागणारा पंथ आज आपल्याला बघवत नाही. पण ट्विकनहॅममध्ये उभारलेल्या भारतीय रेस्टॉरंटच्या सेटवर वादकांची सतार बँडचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसननं पहिल्यांदा हातात घेतली. तेवढं पुण्य त्या सिनेमाच्या पदरात.)

“निघू तर खरं, पुढचं पुढे बघू”

1967 चा टीव्हीपट ‘मॅजिकल मिस्टरी टूर’ असाच निघाला. पटकथेच्या जागी कागदावर काढलेलं एक वर्तुळ. शेपर्टन स्टुडिओ आधी ठरवावा लागतो हे उशिरा कळलं, म्हणून केंटमधला जुना विमानतळ गाठला. संकलनाला धरले होते दोन आठवडे, लागले अकरा. एवढं करून बीबीसीनं 26 डिसेंबरला तो दाखवला कृष्णधवल! सारी रंगांची उधळण पाण्यात. प्रक्षेपण रंगीत की कसं, हे करारात लिहून घ्या.

“फ्लोअरवर भांडणं होतात”

2 जानेवारी 1969, पुढे ‘लेट इट बी’ म्हणून आलेल्या सिनेमाचं चित्रण. ट्विकनहॅमचा गोदामासारखा, गारठलेला फ्लोअर. रात्री जागून गाणी रचणाऱ्यांना सकाळी बोलावलेलं. महिन्याची मुदत, कारण त्याच स्टुडिओत रिंगोचा दुसरा सिनेमा उभा राहायचा होता. आणि चित्रण कशाचं, तर सरावाचं. सरावात माणूस बेसूर होतो, शब्द विसरतो, दुसऱ्यावर खेकसतो. ते बंद दाराआड होतं म्हणून निभतं. इथे प्रत्येक खेकसणं फिल्मवर. 10 तारखेला हॅरिसन उठून चालता झाला.

अशा वेळी निर्माते बैठका घेतात, समजुती काढतात. हॅरिसन परतला तो अट घालून: ट्विकनहॅम नको. मंडळी सॅव्हिल रोवरच्या स्वतःच्या कचेरीच्या तळघरात आली, कीबोर्डवर बिली प्रेस्टन येऊन बसला आणि परक्या माणसासमोर सगळे जरा सुतासारखे सरळ वागू लागले. 30 तारखेला ते गच्चीवर वाजवत होते. याच चित्रणातून दिग्दर्शक पीटर जॅक्सननं बनवलेल्या 2021 च्या ‘गेट बॅक’ मालिकेत हा फरक तासन्‌तास बघता येतो. तेव्हा समजूत काढण्याआधी जागा बदला, कॉल टाइम, म्हणजे सेटवर बोलावण्याची वेळ, दुपारचा करा.

“संगीत दृश्याला बसत नाही”

हा दोष सोपा. ‘वंडरवॉल’ या सिनेमाचं संगीत करताना हॅरिसननं साध्या चावीच्या स्टॉपवॉचनं प्रसंग मोजून घेतले होते. त्यातलं बरंचसं ध्वनिमुद्रण त्यानं जानेवारी 1968 मध्ये आपल्या मुंबईत केलं, संतूरवर शिवकुमार शर्मा. मापं जुळली, पण स्टुडिओ पुरेसा बंदिस्त नव्हता आणि रस्त्यावरच्या टॅक्सी काही ठिकाणी मागे ऐकू येतात. स्टुडिओ पसंत करायला जाल, तेव्हा भर रहदारीच्या वेळी जा.