सिंगल केबिन की डबल? पिकअप घेण्याआधी टेप लावून बघा

पिकअपची चासी ठरावीक लांबीची असते. तिच्यावर केबिन एक फूट वाढली की हौदा एक फूट घटतो. केबिनचे सगळे प्रकार या एका वजाबाकीतून निघाले आहेत, म्हणून नावावर जाऊ नका. दारं मोजा आणि हौद्याला टेप लावा.

सिंगल केबिनला दोन दारं आणि सीटची एकच ओळ. बोलेरो पिकअपचा नऊ फुटी हौदा 2765 बाय 1700 मिलिमीटरचा आहे. त्यात 8 बाय 4 फुटी प्लायवुड सपाट झोपतो आणि फाळकाही बंद होतो. 60 बाय 40 सेंटिमीटरचे भाजीचे क्रेट एका थरात 16 बसतात. रोज बाजार समितीची खेप असेल तर दुसरा विचारच नको.

डबल केबिन, म्हणजेच क्रू कॅब, चार दारांची आणि पाच माणसांची. बोलेरो कॅम्पर, टाटा योद्धा क्रू कॅब, टोयोटा हायलक्स या गाड्या यात येतात. हौदा साधारण पाच फुटांचा उरतो, त्यामुळे तोच प्लायवुड तीन फूट बाहेर येतो. हद्दीबाहेर लटकणाऱ्या मालाला मोटार वाहन कायद्याच्या कलम 194(1अ) मध्ये 20,000 रुपये दंड सांगितला आहे, शिवाय माल जागेवर उतरवावा लागतो तो वेगळा.

तरीही साइटवर रोज चार माणसं न्यायची असतील तर डबल केबिनच घ्या. सिंगल घेऊन मजुरांना हौद्यात बसवणं हा सर्वांत महागात पडणारा हिशेब आहे. मालवाहू गाडीच्या हौद्यातल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनी नाकारते आणि अपघात झाला तर भरपाई मालकाच्या अंगावर येते. आरसीवर जेवढी आसनक्षमता लिहिली आहे, तेवढीच माणसं.

वजनाचं गणितही वेगळं पडतं. आरसीवरच्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की जे उरतं, त्यात माणसंही आली. मागे तिघं बसली की दोनेकशे किलो तिथेच संपले. शिवाय डबल केबिनच्या हौद्याचा बराच भाग मागच्या ॲक्सलच्या पाठीमागे जातो. जड पोती फाळक्याला टेकवून ठेवली तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग तरंगल्यासारखं लागतं. जड माल आधी केबिनच्या भिंतीला भिडवा, हलका माल मागे ठेवा.

या दोन्हींच्या मधला प्रकार म्हणजे एक्स्टेंडेड कॅब. हा अमेरिकेत जास्त दिसतो. फोर्ड एफ-150 च्या सुपरकॅबमध्ये मागच्या छोट्या दाराचे बिजागर मागच्या बाजूला असतात, त्यामुळे पुढचं दार उघडल्याशिवाय ते उघडत नाही. मागची जागा सामानाला किंवा लहान मुलांना ठीक. तिकडे राहणाऱ्यांनी नावांपासून खास सावध राहावं. हायलक्सची ‘डबल कॅब’ म्हणजे पूर्ण मोठी केबिन, पण टोयोटाच्याच टुंड्रामध्ये ‘डबल कॅब’ ही लहान आणि ‘क्रूमॅक्स’ ही मोठी. मागे पायांना 33.3 इंच जागा मिळते की 41.6 इंच, हा फरक त्या नावात आहे. रॅम या अमेरिकन ब्रँडच्या पिकअपमध्येही क्वाड कॅब लहान आणि क्रू कॅब मोठी. फोर्डची मोठी केबिन म्हणजे सुपरक्रू.

शोरूममध्ये पुढची सीट स्वतःला गाडी चालवायला लागते तेवढी मागे घ्या, मग तिच्याच पाठीमागे जाऊन बसा. गुडघा पुढच्या पाठीला टेकतो का ते बघा. डबल केबिनमध्ये मागच्या सीटला लागूनच केबिनची भिंत असते, त्यामुळे पाठ फारशी कलत नाही. दहा मिनिटं बसून राहा, कंबर सांगते. मग हौद्याची लांबी आतून, तळाशी मोजा. रुंदी दोन ठिकाणी मोजा: कडेला आणि चाकांवरच्या उंचवट्यांमध्ये. सपाट वस्तू बसेल की नाही ते दुसऱ्या मापावर ठरतं.