पावकिलोचा हिशोब मुलांना असा जमला
नागपूरच्या गोकुळपेठ बाजारात मुलं भाव बरोबर वाचतात, पण ‘60 रुपये किलो, मग पाव किती?’ इथे अडतात, कारण ती 60 आणि 250 ग्रॅमची सांगड घालायला बघतात. ग्रॅम विसरायचे, दोनदा निम्मं करायचं: 60, 30, 15. दीड पाव हवा तर त्यात 7.50 मिळवायचे. सुरुवात 40, 60, 80 भावाच्या भाजीने करा. 45 चा भाव पहिल्याच दिवशी नको. तोलण्याआधी रिकाम्या काट्यावर शून्य दिसतं ना, हे मुलानेच बघावं. हातात 100 ची नोट, तीनच जिनसा, आणि किती परत मिळणार ते पैसे देण्याआधी सांगायचं. संध्याकाळच्या गर्दीत आपणच घाईने उत्तर देऊन टाकतो, म्हणून सकाळीच जा. सांभार, म्हणजे कोथिंबीर, जुडीने मिळतो. तिथे हिशोब सोडा, ताजी पानं निवडू द्या.