साताऱ्याच्या बेसाल्टमधले काळे कण

साताऱ्याहून यवतेश्वर घाटाने कासकडे चढताना लागणाऱ्या बेसाल्टवर (लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकावर) एम.एस्सी.चा प्रोजेक्ट करणार असाल, तर एक विनंती आहे. थिन सेक्शनमधले, म्हणजे खडकाच्या घासून पातळ केलेल्या कापातले, काळे कण 'ओपेक' (प्रकाश आरपार न जाणारे) अशी नोंद करून सोडून देऊ नका. हा खडक कसा थंड झाला, हे मला सगळ्यात जास्त त्यांनीच शिकवलं.

यातले बरेचसे कण टायटॅनोमॅग्नेटाइटचे असतात. जास्त तापमानात मॅग्नेटाइट (लोहाचं चुंबकीय ऑक्साइड) आणि टायटॅनियमवालं उल्व्होस्पिनेल मिळून एकच स्फटिक बनतो. तापमान पाच-सहाशे अंश सेल्सिअसच्या खाली उतरलं की दोघांचं जमत नाही आणि स्फटिकाच्या आतच ते वेगळे होऊ लागतात. हेच एक्सोल्यूशन. पण तोवर आयनांची हालचाल फार मंदावलेली असते. जमिनीखाली खोलवर सावकाश थंड झालेल्या गॅब्रो खडकात त्यांना वेळ मिळतो, लाव्हाच्या प्रवाहात सहसा मिळत नाही.

मग बेसाल्टमधल्या या कणांत इल्मेनाइटच्या (लोह-टायटॅनियमच्या दुसऱ्या एका ऑक्साइडच्या) ठळक पट्ट्या येतात कुठून? बहुतेक नवखे इथेच अडतात, म्हणून जरा थांबून सांगतो. इल्मेनाइटची स्फटिकरचना वेगळी आहे, ते मॅग्नेटाइटमध्ये फारसं विरघळतच नाही. त्यामुळे नुसत्या थंड होण्याने एवढ्या पट्ट्या बाहेर पडणं शक्य नाही. त्यासाठी ऑक्सिजन लागतो. बडिंग्टन आणि लिंड्सली या संशोधकांनी 1964 साली हे सविस्तर मांडलं: उल्व्होस्पिनेलच्या 6 रेणूंना ऑक्सिजनचा 1 रेणू मिळाला की इल्मेनाइटचे 6 आणि मॅग्नेटाइटचे 2 तयार होतात. प्रवाह अजून तापलेला असतानाच, बहुधा 600 अंशांच्या वर, हे घडतं. म्हणून वहीत नुसतं 'एक्सोल्यूशन' लिहू नका, 'ऑक्सिडेशनमुळे' हा शब्द जोडा.

पट्ट्यांची ओळख कोनांवरून पटते. इल्मेनाइट अष्टफलकाच्या पृष्ठांना समांतर वाढतं, म्हणून बऱ्याच छेदांत त्रिकोणी जाळी दिसते. उल्व्होस्पिनेल घनाच्या पृष्ठांना समांतर, अतिशय बारीक, कापडाच्या विणीसारखं. क्रॉस्ड निकोलमध्ये (मायक्रोस्कोपचे दोन ध्रुवक एकमेकांना काटकोनात ठेवून) स्टेज फिरवा: इल्मेनाइट उजळतं-मावळतं, मॅग्नेटाइट काळंच राहतं. मात्र त्यासाठी कव्हर स्लिप नसलेलं, डायमंड पेस्टने नीट पॉलिश केलेलं सेक्शन आणि परावर्तित प्रकाशाचा मायक्रोस्कोप हवा. पॉलिशिंगला वेळ द्या, ओरखडे आणि पट्ट्या सारख्याच सरळ दिसतात.

पुराचुंबकत्वाकडे, म्हणजे खडकात टिकून राहिलेल्या जुन्या चुंबकत्वाच्या अभ्यासाकडे, जायचं असेल तर हे पाहणं टाळताच येणार नाही. शुद्ध मॅग्नेटाइटचं क्यूरी तापमान (ज्याच्या वर कायमचं चुंबकत्व उरत नाही) सुमारे 580 अंश, तर 60 टक्के उल्व्होस्पिनेल असलेल्या कणाचं 200 च्याही खाली. टायटॅनियम इल्मेनाइटमध्ये गेलं की उरलेलं मॅग्नेटाइट शुद्धतेकडे सरकतं आणि क्यूरी तापमान चढतं. पट्ट्यांनी कणाचे लहान तुकडे पडतात, त्यामुळे चुंबकत्वही जास्त टिकाऊ होतं.

नमुने एकाच प्रवाहाच्या तळातून, मधून आणि माथ्यातून घ्या. कास पठारावरच्या जांभ्याजवळचे मात्र जपून वापरा. तिथे खडक कमी तापमानात झिजलेला असतो, मॅग्नेटाइटचं मॅगहेमाइट (आणखी ऑक्सिडाइज झालेलं लोह ऑक्साइड) होतं आणि कणाला वाकड्या भेगा पडतात. त्या भेगांना पट्ट्या समजू नका.