जुनी शिडाची होडी घेताय? या चुका टाळा

उजनी भरत आली की दरवर्षी दोघा-तिघांचे फोन येतात. "दादा, मुंबईत एक जुनी लेझर मिळतीय. फोटो पाठवू का?" नका पाठवू. फोटोत लग्नाचं स्थळ आणि जुनी होडी, दोन्ही चांगलीच दिसतात.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे होडीचं वजन न करणं. ती मीच केलीय. लेझर ही एकट्याने चालवायची ४.२ मीटर लांबीची फायबरची होडी. सुटं सामान सोडून नुसत्या हलचं, म्हणजे होडीच्या धडाचं, वजन ५९ किलो. आतून पोकळ आणि चारी बाजूंनी बंद, त्यामुळे आत काय साठलंय ते बाहेरून दिसत नाही. मी पांढऱ्याशुभ्र नव्या रंगाला भुललो. (जुन्या होडीला नवा रंग दिसला की आता मी आधी विचारतो, काय झाकलंय?) टेम्पोतून घरी उतरवताना दोघे पुरतील म्हटलं होतं, चौघे लागले. दुसऱ्या दिवशी मार्केट यार्डात ओळखीच्या आडत्याकडे कांद्याच्या काट्यावर फळ्या टाकून तिला चढवली. फळ्या वजा जाता आकडा ७४. शेजारी उभा हमाल म्हणाला, "मालक, माल ओला हाय की ओ." जे त्याला पाच सेकंदांत कळलं, ते मला पैसे मोजून कळलं.

पंधरा किलो जास्त! मागचं बूच काढलं तर वाटीभर पाणी आलं. बाकीचं डेकच्या (होडीच्या वरच्या पृष्ठभागाच्या) दोन थरांमधल्या फोमने पिऊन टाकलेलं. शेवटी डेकला गोल भोक पाडून झाकण बसवलं आणि एप्रिल-मे दोन्ही महिने टेबलफॅनचं वारं आत सोडलं. एरवी आम्ही शिव्या घालतो त्या सोलापूरच्या उन्हाने त्या वर्षी तेवढं काम केलं. जून लागताना काटा ६६ वर आला. त्याखाली तो आजतागायत गेलेला नाही.

तेव्हापासून होडी बघायला जाताना भंगारवाल्याकडचा टांगता काटा सोबत नेतो. आधी पुढचं टोक उचलायचं, मग मागचं, आणि दोन्ही आकड्यांची बेरीज करायची. दोन-चार किलो इकडेतिकडे चालतं. दहाच्या वर गेलं की चहा पिऊन निघायचं.

पाणी शिरतं कुठून? बहुतेक वेळा डोलकाठीच्या खोबणीतून. लेझरच्या डोलकाठीला आधाराच्या तारा नसतात, शिडाचा सगळा जोर त्या एका नळीवर येतो. खोबण काठोकाठ पाण्याने भरा, पेन्सिलने खूण करा आणि अर्धा तास गप्प बसा. पातळी उतरली तर पाणी होडीच्या पोटात चाललंय. हा अर्धा तास कुणालाच काढवत नाही. विकणारा घड्याळ बघतो, घेणारा त्याच्याहून घाईत असतो.

घाईवरून आठवलं. सांध्यांची गळती शोधायला बुचाच्या भोकातून हवा भरतात आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघतात. कॉकपिटच्या (पाय ठेवायच्या खोलगट जागेच्या) पुढच्या भिंतीत, डेकखाली, एक बारीक श्वासाचं भोक असतं. तेवढ्यापुरती त्यावर चिकटपट्टी लावायची. हवा मात्र तोंडानेच फुंकायची. आमच्या पुतण्याने पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आणला. "काका, दोन मिनिटात होतंय की." झालंच दोन मिनिटांत. हल आणि डेकचा सांधा हातभर उकलला. ती पट्टी नंतर काढायला विसरलात तर मे महिन्यात गच्चीवर तापलेली आतली हवा हाच उद्योग विनाकॉम्प्रेसर करते. म्हणून माझ्या होडीचं बूच घरी कायम उघडं असतं.

डेकवर अनवाणी चाला. पायाखाली दबलं की तिथला फोम सुटलाय. शंका आली तर नाण्याने ठोका, नारळ वाजवून घेतो तसं. शीड चुरगळून बघा. कागदासारखं वाजायला हवं. धुवून धुवून विरलेल्या चादरीसारखं लोळत असेल तर किमतीत ते शून्य धरा. डोलकाठी फरशीवर लोळवा, वाकडी असेल तर लगेच दिसतं. रिव्हेटभोवती पांढरी भुकटी दिसली तर ॲल्युमिनियम खाल्लं गेलंय. सुकाणूच्या बिजागऱ्या हलवून बघा.

आणि ओरखड्यांवरून भांडू नका. लोक तासभर ओरखडे मोजतात आणि बूच उघडून बघत नाहीत. उजनी वजा होत चालली की वर येणारे दगड तुमच्याही होडीला ओरखडे काढणारच आहेत.

गेल्या खेपेला काटा लावला तर विकणारा चिडला. "भंगार घ्यायला आलात का?" म्हणाला. मी म्हटलं, काटा तर तिथूनच आणलाय.