फेसलिफ्ट करताय? या चुका टाळा

फेसलिफ्ट म्हणजे चेहऱ्याची आणि मानेची सैल पडलेली कातडी ओढून घट्ट करायचं ऑपरेशन. त्याच्या पेशंटची ड्रेसिंग करणं आणि टाके काढणं हे माझं रोजचं काम. ऑपरेशन नीट झालेलं असतं आणि पेशंट पुढच्या पंधरा दिवसांत स्वतःच्या हातांनी त्याची वाट लावून घेतो. चुका त्याच त्याच असतात, आणि टाळता येण्याजोग्या असतात, म्हणून जीव तुटतो.

सगळ्यात महागात पडते ती निकोटीनची लपवाछपवी. फेसलिफ्टमध्ये कानाच्या पुढून-मागून छेद घेऊन कातडी खालच्या थरापासून सोडवतात. तिच्याखालचा ‘स्मास’ नावाचा थर वर ओढून शिवतात, मग जास्तीची कातडी कापून कडा जुळवतात. सोडवलेल्या कातडीला काही दिवस अगदी बारीक रक्तवाहिन्यांवरच भागवावं लागतं, आणि निकोटीन नेमक्या त्याच आकसून टाकतं. रक्त सर्वांत कमी पोचतं ते कानामागच्या टोकाला, म्हणून काळं पडायला सुरुवात तिथून होते.

एक बाई आल्या होत्या. सिगारेट महिन्यापूर्वी सोडली म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. पण तलफ मारायला निकोटीनचं च्युइंगगम दिवसभर चालू होतं. ड्रेसिंग उघडलं तेव्हा डाव्या कानामागे बोटभर रुंद जांभळा पट्टा दिसला. आठवड्याभरात तिथे कडक काळी खपली धरली. ती सुटल्यावर उघडी जखम, मग कित्येक आठवडे दिवसाआड ड्रेसिंग, आणि शेवटी रुंद व्रण. त्या मला म्हणाल्या, “सिस्टर, गमचं कुणी विचारलंच नाही हो.” तेव्हापासून मी सिगारेट, तंबाखू, व्हेप, गम, पॅच असं एकेक नाव घेऊन विचारते. ऑपरेशनच्या आधी किमान 4 आठवडे आणि नंतर 4 आठवडे यातलं काहीही नको. जमत नसेल तर तारीख पुढे ढकला. “दोनच ओढल्या” हे ऐकून घ्यायची माझी तयारी नाही, कारण ड्रेसिंग मलाच उघडायचं असतं.

दुसरी चूक, एका गालाची सूज अंगावर काढणं. सूज दोन्हीकडे येणारच. पण एकच गाल अचानक टणक झाला, तिथला ठणका वाढत चालला, कातडी ताणून जांभळी दिसू लागली, तर आत रक्त साकळत असू शकतं. फेसलिफ्टनंतरचा सर्वांत जास्त आढळणारा धोका हाच, आणि बहुतेक वेळा तो पहिल्या 24 तासांत दिसतो. वेळेत रक्त काढलं तर निभावतं. उशीर झाला तर वरची कातडी जाते. पुरुषांत हे प्रमाण जास्त, बीपी चढलेलं असेल तर आणखी. अशा वेळी लोक काय करतात? वेदनाशामक गोळी घेऊन सकाळची वाट बघतात, ‘डॉक्टरांना रात्री कशाला उठवायचं’ म्हणून. उठवा. रात्री दोन वाजता आलेला फोन मला कधीच जड वाटला नाही, सकाळी नऊचा मात्र वाटलाय.

याच कारणासाठी वाकू नका, जड उचलू नका, शौचाला जोर करू नका, बीपीच्या गोळ्या सांगितल्याप्रमाणे घ्या. झोपताना डोकं उंचावर. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, व्हिटॅमिन ई, फिश ऑइल यांनी रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून घेत असलेली प्रत्येक गोळी आधीच सांगा. हृदयासाठी चालू असलेली गोळी मात्र मनाने बंद करू नका, तो निर्णय डॉक्टरांचा.

तिसऱ्या दिवशी आरशासमोर रडणारे पुष्कळ भेटतात. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सर्वांत जास्त असते, दोन बाजू सारख्या नसतात, हसू वाकडं वाटतं. काळेनिळे डाग जायला साधारण 2 आठवडे, चेहऱ्याची खरी ठेवण दिसायला 3 ते 6 महिने, व्रण फिके व्हायला वर्षभर. पहिल्या आठवड्यातला फोटो कुणालाही पाठवू नका. त्यावर आलेली मतं निस्तरायला आम्हाला लागतो तेवढा वेळ ड्रेसिंगला लागत नाही. आणि घरातल्या समारंभाच्या तीन आठवडे आधीची तारीख मागणाऱ्यांना मी तोंडावर नाही म्हणते.

गाल आणि कानाची पाळी काही महिने बधिर राहू शकते. तिथे बर्फ थेट ठेवू नका, गरम पाण्याची पिशवी तर नाहीच. चटका कळतच नाही.

केसांना रंग लावायचा तर ऑपरेशनच्या आधी. नंतर डॉक्टर सांगेपर्यंत नाही.

फेसलिफ्टने जबड्याची रेघ आणि मान सुधारते. ओठांवरच्या बारीक सुरकुत्या, कपाळ, पापण्या यांचे उपाय वेगळे. हे सल्ल्याच्या वेळीच विचारा, टाके काढताना नाही. कातडीखाली दोरे घालून ती ओढतात, त्या जेवणाच्या सुट्टीत होणाऱ्या दोऱ्यांच्या लिफ्टवर माझा भरवसा नाही. तिचा परिणाम फार टिकत नाही, आणि लोंबणारी मान दोऱ्यांनी उचलली जात नाही.

ऑपरेशननंतर बांधलेला हनुवटीखालचा पट्टा सैल वाटला तर घरी घट्ट करू नका. कातडीवर दाब पडून रक्त अडतं. तसाच राहू द्या आणि दाखवायला या.