तालुक्याच्या बातमीदारांनो, या चुका टाळा

खानदेशात तालुक्याच्या गावी बातमी लिहिणारा, जाहिराती गोळा करणारा आणि स्वतःचं यूट्यूब चॅनेल चालवणारा पुष्कळदा एकच माणूस असतो. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

नाव गाळलं, म्हणजे ओळख लपली असं समजणं

अत्याचाराच्या बातमीत मुलीचं नाव नसतं. पण ‘केळी व्यापाऱ्याची आठवीतली मुलगी, मारुती मंदिरामागची गल्ली’ एवढं असतं. लहानशा गावात आणखी सांगायचं राहिलं काय? मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम 23 नुसार नाव, पत्ता, फोटो यांच्याबरोबर कुटुंबाची माहिती, शाळा आणि शेजारही उघड करता येत नाही. शिक्षा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. पीडित महिला सज्ञान असली तरी भारतीय न्याय संहितेचं कलम 72 आहेच. आरोपी नात्यातला असेल तर त्याचंही नाव नको. बापाचं नाव आलं की मुलीचं आलंच. बातमी पाठवण्याआधी त्याच गल्लीतल्या माणसासारखी वाचून बघा. घर सापडत असेल तर तो तपशील काढा. ‘पोलिसांच्या प्रेसनोटमध्येच होतं’ ही सबब चालत नाही.

‘सत्यता तपासलेली नाही’ लिहून व्हिडिओ टाकणं

तपासली नाही तर टाकता कशाला? 1 जुलै 2018 रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. तशा अफवा आधीपासून मोबाइलवर फिरत होत्या. पोलीस ठाण्याला आणि व्हिडिओ ज्या गावचा म्हणतात तिथल्या पोलीस पाटलाला फोन लावायला दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात दुसऱ्याने आधी टाकला तर टाकू द्या.

कालचा भाव आज टाकणं

रावेर-यावलकडे बऱ्हाणपूरच्या केळीभावावर सगळ्यांची नजर असते. तारीख, बाजार आणि मालाची प्रत न लिहिता नुसता आकडा टाकला, तर शेतकरी त्यावर बाग देऊन बसतो. ही चूक कुणी मनावर घेत नाही, पण नुकसान रोख असतं.

पुरवणीचं कमिशन आणि बातमी एकाच खिशात ठेवणं

नेत्याच्या वाढदिवसाच्या पुरवणीचं कमिशन आपल्याला मिळालं आणि महिन्याभरात त्याच्याच रस्त्याच्या कामाची तक्रार आली, तर काय कराल? कार्यालयाला आधीच सांगा आणि ती बातमी दुसऱ्याकडे द्या. मानधन तुटपुंजं असतं हे खरं, पण तो भांडणाचा विषय मालकाशी आहे, वाचकाशी नाही.

‘भाऊ, एवढी बातमी लाई दे ना,’ म्हणत पैसे देऊन मजकूर आला, तर वर ठळक ‘जाहिरात’ लिहा. गुडघेदुखीच्या तेलाच्या रीललाही तेच. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ती करणाऱ्यालाही 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

चूक झाल्यावर पोस्ट गुपचूप उडवणं

स्क्रीनशॉट तोवर गावभर फिरलेला असतो. पान एकवरच्या बातमीचा खुलासा पान सातवर नको. ज्या ज्या ग्रुपवर चुकीची बातमी टाकली, तिथे तिथे दुरुस्ती टाका: काय चुकलं, बरोबर काय, दोन ओळीत. आणि ज्याच्याबद्दल चुकलं त्याला ती टाकण्याआधी स्वतः फोन करा. शिव्या बसतील, ऐकून घ्या.