कैरोत ‘अहव्या’वर कसं बसावं (शिशा ओढायची नसली तरी)

आम्ही तीन वर्षं कैरोत होतो, मादी भागात. घरी आलेला पाहुणा पिरॅमिड उरकले की हमखास विचारायचा, “इथली हुक्का पार्लरं कुठं आहेत?”

पार्लर हा शब्द आधी डोक्यातून काढा. निळे दिवे, मऊ सोफे आणि कानठळ्या बसवणारी गाणी विसरा. कैरोत शिशा, म्हणजे तिथला हुक्का, मिळते ती अहव्यावर. अहवा म्हणजे कॉफी, आणि कॉफी मिळते ती जागासुद्धा. फूटपाथवर लाकडी खुर्च्या, पत्र्याची डुगडुगती टेबलं, फरशीवर भुसा, कोपऱ्यात तावला या फाशांच्या खेळातल्या सोंगट्यांची आदळआपट. चहाची टपरी आणि गावचा पार एकत्र केला तर जे होईल ते.

जायचं संध्याकाळी, मगरिबची अजान झाल्यावर. रमजानात थेट रात्री. गल्लीतल्या अहव्यावर पुरुषच बसलेले असतात. मी एकटी गेले तेव्हा कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांचे डाव थांबले. बायका बरोबर असतील तर खान अल-खलिली बाजारातलं अल-फिशावी गाठा. दोनशेहून जास्त वर्षं चालू आहे असं सांगतात, भिंतभर मोठाले आरसे आहेत, आणि नोबेलविजेते नगीब महफूज इथं येऊन बसायचे. गर्दी पर्यटकांची असते, ते सोसायचं. बसताना बाहेरच्या बाजूला बसा, आत धूर कोंडतो. लहान मुलांना आणूच नका.

बसलात की आधी काहीतरी प्यायला मागवा. इथं मराठी माणसाला फुकटचा फायदा आहे. ‘सादा’ म्हटलं की बिनसाखरेची कॉफी येते, ‘जियादा’ म्हटलं की जादा साखरेची. फसवतो तो ‘मजबूत’. आमच्या ह्यांनी कडक कॉफी हवी म्हणून ऐटीत ‘मजबूत’ सांगितलं आणि बेताच्या साखरेची साधीसुधी कॉफी आली. तिकडे मजबूत म्हणजे नेमकं, बेताचं. चार घोट झाले की थांबा, तळाशी गाळ असतो.

सासरे आले तेव्हा त्यांना घेऊन गेले. अण्णा जतचे, वय चौऱ्याहत्तर, कॉफी वर्ज्य. त्यांच्यासाठी हेल्बा मागवला. पेला आला, त्यांनी वास घेतला आणि माझ्याकडे बघत म्हणाले, “सूनबाई, ही तर मेथी. मी काय बाळंतीण आहे का?” त्यात पोऱ्या त्यांना दर वाक्याला ‘या हग्ग’ म्हणे. कैरोत ‘ज’चा ‘ग’ होतो, म्हणून हाजचं, म्हणजे हज करून आलेल्याचं, हग्ग. वडीलधाऱ्यांना आदरानं म्हणतात. अण्णांना हे समजावण्यात माझी कॉफी गार झाली.

आता शिशा. ओढू नका, पण नीट बघा. शेजारच्या टेबलावर आली की वरून खाली नजर न्या. सगळ्यात वर मातीची छोटी चिलीम, तिच्यात मुअस्सल. असल म्हणजे मध, मधाळलेली ती मुअस्सल: तंबाखू, काकवी किंवा मध आणि ग्लिसरीन. आपल्याकडे गूळ-तमाखूचा गुडाखू असतो, त्याची ही चुलतबहीण. तिच्यावर थेट निखारे. पोऱ्या हातातल्या भांड्यातून चिमट्यानं निखारे बदलत फिरत असतो. मधे उभी नळी, तिचं टोक खालच्या भांड्यातल्या पाण्यात बोटभरच बुडलेलं. भांड्याला जोडलेली दुसरी, लांब नळी तोंडानं ओढली की भांड्यातल्या हवेचा दाब कमी होतो आणि धूर पाण्यातून बुडबुडत वर येतो. तोच तो गुडगुड आवाज.

अण्णा बराच वेळ त्या आवाजाकडे कान लावून होते. मग म्हणाले, “ही आमच्या आज्याची गुडगुडी.” आज्याची नारळाच्या करवंटीची होती, म्हणाले.

करवंटी ऐकून मी सरसावलेच. इस्तंबूलपासून बैरूतपर्यंत हिला नर्गिले म्हणतात. नर्गिल म्हणजे फारसीत नारळ, आणि तो शब्द आपल्या नारिकेलाचाच. इजिप्तमधल्या जुन्या साध्या हुक्क्याला गोझा म्हणतात, तोही नारळाचाच. शिशा म्हणजे फारसीत काच. आपली शिशी त्यातलीच. हुक्का मात्र अरबी, मूळ अर्थ डबी किंवा लहान भांडं.

हुक्क्याचा उगम कुणाचा यावर भांडण आहे. अकबराचे हकीम अबुल फत गिलानी यांना श्रेय देण्याची रूढी आहे, पण ते 1589 मध्ये वारले आणि मुघल दरबारात तंबाखू पोचली ती 1604च्या सुमारास. असद बेग नावाच्या सरदारानं ती आणली, आणि कुठून? विजापुराहून! अण्णांना हे सांगितल्यावर त्यांची छाती फुगली. विजापूर आमच्या जतच्या शेजारचंच. इराणी कवी अहली शिराझी 1535 मध्ये वारला, त्याच्या एका रुबाईत गलियानचा, म्हणजे इराणी हुक्क्याचा, उल्लेख सांगतात, म्हणून इराणीही हक्क सांगतात. मला विचाराल तर नारळाचं पारडं जड आहे.

सफरचंदाचा वास येईल, तो फार जुना नव्हे. असल्या गोड-फळांच्या मुअस्सलची लाट 1990च्या दशकातली. तीच पुढे जगभरच्या पार्लरांत पोचली. महाराष्ट्रात 2018च्या कायद्यानं हुक्का पार्लरांवर बंदी आली.

कुणी आग्रह केला तर उजवा हात छातीवर ठेवून ‘शुक्रन’ म्हणा, राग येत नाही. नळी एकाकडून दुसऱ्याकडे जाताना बघा: हातात देताना तोंडाचं टोक समोरच्याकडे रोखत नाहीत, एक तर वळवून देतात नाहीतर टेबलावर ठेवतात. दुसऱ्याच्या निखाऱ्यावर सिगारेट पेटवणं तर अगदीच अडाणीपणा.

“पाण्यातून गाळून येतो, काही होत नाही,” असं टेबलावरचा एक तरी जण सांगेलच. पाण्यानं धूर गार होतो, स्वच्छ होत नाही. एका बैठकीत शंभर किंवा त्याहून जास्त सिगारेटींइतका धूर आत जाऊ शकतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कोळशाचा कार्बन मोनॉक्साईड वेगळाच.

उठताना पोऱ्याला हाक कशी मारायची याची मी अरबी वाक्यं पाठ केली होती. मी जुळवाजुळव करतेय तोवर अण्णांनी हात वर केला आणि जतच्या बाजारात ओरडावं तसे ओरडले, “ए, हिशेब!” पोऱ्या लगेच पैसे घ्यायला आला. तिकडेही ‘हिसाब’च म्हणतात.